पाणी तापविणारे घरगुती यंत्र : बिघाड ओळखावा कसा, दुरुस्ती करावी कोठवर

स्नानाचे पाणी तापविण्यासाठी आज घरोघरी तीन साधने प्रामुख्याने वापरली जातात : गॅसचा गीझर, विजेचा साठवण-टाकीचा गीझर आणि बादलीत बुडवावयाचा रॉड. प्रस्तुत पाठ या तिघांपुरता आहे. त्यातही गॅसच्या गीझरविषयी अधिक विस्ताराने लिहिले आहे, कारण त्याचा धोका डोळ्यांना दिसत नाही व नाकाला कळत नाही.

यंत्राचा बिघाड हा मेकॅनिकचा विषय आणि माणसाचा आजार हा डॉक्टरांचा, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. पाणी तापविणाऱ्या यंत्राच्या बाबतीत ही वाटणी टिकत नाही. स्नान करून आल्यावर दुखणारे डोके, न्हाणीघरात अकस्मात आलेली भोवळ, नळाला हात लावताच बोटांत उठणारी झिणझिणी ही लक्षणे शरीराची असली तरी त्यांचे मूळ भिंतीवरील यंत्रात असू शकते. अशा वेळी रुग्णाची तपासणी होते, औषध दिले जाते, आणि दुसऱ्या दिवशी तोच रुग्ण त्याच गीझरखाली स्नानास जातो. म्हणून यंत्राच्या खुणा वाचणे हे आरोग्यरक्षणाचेच काम समजावे.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गीझर मध्येच बंद पडणे हा दर वेळी बिघाड नसतो. पुष्कळदा तो यंत्राने दिलेला इशारा असतो. ज्वाला विझल्यास गॅस तोडणारी, खोलीतील ऑक्सिजन घटल्यास गीझर बंद करणारी, पाणी अति तापल्यास वीज खंडित करणारी अशी साधने यंत्रात मुद्दाम बसविलेली असतात. त्यांपैकी एखादे वारंवार काम करू लागले म्हणजे घरचे लोक कंटाळतात आणि “सारखा बंद पडतो, काहीतरी करा” असे मेकॅनिकला सांगतात. घाईतला मेकॅनिक दोन तारा जोडून ते साधनच निकामी करतो. त्यानंतर गीझर बंद पडत नाही, हे खरे. परंतु ही दुरुस्ती नव्हे. पहारेकऱ्याला हाकलून चोरी थांबल्याचे समाधान मानण्यासारखे ते आहे.

गॅसचा गीझर : हवेचा हिशोब

गॅस जळण्यास हवा लागते हे सर्वांस ठाऊक आहे. किती लागते याची कल्पना मात्र सहसा नसते. मिनिटाला ६ लिटर पाणी सुमारे २५ अंशांनी तापविणारा लहान गीझर पूर्ण चालू असता तासाला अंदाजे १ किलो एलपीजी जाळतो. स्वयंपाकघरातील शेगडीचे पाच-सहा बर्नर एकदम पेटविल्यासारखे हे झाले. १ किलो एलपीजी पूर्णपणे जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. आता चार फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच असे न्हाणीघर घेतले, तर त्यात एकूण हवा असते साडेपाच घनमीटरांच्या आसपास. म्हणजे दार-खिडकी घट्ट लावलेली असल्यास अर्ध्या तासाच्या आतच त्या खोलीतील सर्व हवेइतकी हवा तो गीझर मागतो.

प्रत्यक्ष धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्वालेचे जळणे अपुरे होऊ लागते, आणि पूर्ण बंद खोलीत एवढी घट होण्यास मोजकी चार-पाच मिनिटे पुरतात. दाराच्या फटीतून थोडी हवा येत असल्याने हा काळ काहीसा लांबतो, इतकेच. पुरेशा हवेत गॅसचा कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली की त्याच्याऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो श्वासात गेल्यावर खोकला येत नाही की डोळे चुरचुरत नाहीत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. “गॅसचा वास आला नाही, म्हणजे गळती नव्हती, म्हणजे गीझरचा दोष नाही” असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. वास येतो तो न जळलेल्या एलपीजीला, कारण गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. कार्बन मोनॉक्साइड हा जळून गेलेल्या गॅसातून निघतो. तेथे तो वास उरत नाही. सिलिंडर, नळी, रेग्युलेटर सर्व निर्दोष असतानाही केवळ बंद खोलीमुळे मृत्यू ओढवू शकतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. कुटुंबातील माणसे सकाळी एकामागून एक स्नानास जातात. पहिल्याला काही होत नाही, दुसऱ्याला थोडे जड वाटते, आणि तिसरा किंवा चौथा दाराआड कोसळतो. तोवर खोलीतील ऑक्सिजन घटत आणि विषारी वायू साचत गेलेला असतो. पहिला सुखरूप बाहेर आला, म्हणून गीझर सुरक्षित ठरत नाही. ज्या घरांत सर्वांचे आटोपल्यावर गृहिणीचे स्नान होते, तेथे सर्वाधिक धोका तिच्या वाट्याला येतो. हिवाळ्यात उत्तरेकडील राज्यांत थंडीसाठी आणि महानगरांतील अरुंद सदनिकांत आडोशासाठी खिडकी बंदच ठेवली जाते, तेव्हा हा धोका वाढतो.

ज्यांच्या घरी पूर्वी तांब्याचा बंब होता त्यांना आठवत असेल की, तो अंगणात, पडवीत किंवा कौलांतून हवा खेळणाऱ्या मोरीत ठेवला जाई, आणि त्याच्या मधोमध धूर वर नेणारे नळकांडे असे. गॅसच्या गीझरला धूर दिसत नाही म्हणून तो आपण थेट न्हाणीघरात आणून बसविला. अग्नी तोच राहिला, फक्त त्याच्यासाठी राखलेली मोकळी जागा नाहीशी झाली.

शरीरात काय घडते

रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसांतून ऑक्सिजन घेऊन अवयवांना पोहोचविते. कार्बन मोनॉक्साइडला हिमोग्लोबिनशी जखडण्याची ओढ ऑक्सिजनच्या सुमारे २०० ते २५० पट अधिक असते. त्यामुळे हवेत तो अल्प प्रमाणात असला तरी रक्तातील जागा बळकावून बसतो आणि उरलेला ऑक्सिजनही अवयवांना सहज सोडू देत नाही. याचा फटका प्रथम मेंदू व हृदय यांना बसतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, हातापायांत त्राण न उरणे, गोंधळल्यासारखे होणे, पुढे झटके किंवा बेशुद्धी, असा क्रम साधारणपणे दिसतो. प्रमाण अधिक असल्यास मधल्या पायऱ्या गाळून माणूस एकदम कोसळतो. पायांतील बळ आधी जात असल्याने काहीतरी बिघडले आहे हे कळूनही कडी काढणे जमत नाही. याच कारणास्तव गॅसचा गीझर असलेल्या घरात न्हाणीघराची कडी आतून पक्की लावू नये, किंवा ती बाहेरून उघडता येईल अशी असावी.

गर्भवतीने विशेष जपावे. गर्भाच्या रक्तात हा वायू अधिक काळ टिकतो, आणि आई बरी दिसत असतानाही बाळाला इजा झालेली असू शकते. रक्तक्षय, हृदयविकार व श्वसनाचे जुने विकार असलेल्यांना अल्प प्रमाणही सोसत नाही.

न्हाणीघरात झटका आलेल्या रुग्णास अपस्माराचा रुग्ण समजले जाते, भोवळ आलेल्यास रक्तदाबाचा, उलटी झालेल्यास अन्नविषबाधेचा. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत गॅस-गीझरमुळे झटका वा बेशुद्धी आलेल्या अशा रुग्णांची वर्णने प्रसिद्ध झाली आहेत. म्हणून रुग्णालयात नेताना एक वाक्य आपणहून सांगावे : “न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू होता आणि दार बंद होते.” किती वेळ चालू होता, त्याआधी किती जणांनी स्नान केले, घरात आणखी कोणाचे डोके दुखत होते का, हेही सांगावे. बोटाला लावावयाच्या ऑक्सिमीटरवरील आकड्याने निश्चिंत होऊ नये. ते यंत्र कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनयुक्तच समजते आणि ९८ वा ९९ असा आकडा दाखविते. खरे प्रमाण रक्ताच्या विशेष तपासणीतूनच कळते.

उपचार ऑक्सिजनचाच आहे आणि तो वेळेवर मिळणे महत्त्वाचे. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा होण्यास चार ते पाच तास लागतात. मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन दिल्यास तास-दीड तास पुरतो. रुग्ण शुद्धीवर आला म्हणून परस्पर घरी नेऊ नये. काही रुग्णांत सर्व ठीक झाल्यासारखे वाटून काही दिवसांनी वा आठवड्यांनी विस्मरण, चालीतील संथपणा, स्वभावातील बदल अशी लक्षणे नव्याने उद्भवतात. घरच्यांनी ती ओळखून पूर्वीच्या प्रसंगाची आठवण डॉक्टरांना करून द्यावी.

कोणी आत कोसळल्याचे लक्षात येताच दार उघडावे वा तोडावे, हाताशी असल्यास गॅसचा नॉब बंद करावा, आणि रुग्णास ओढत का होईना, मोकळ्या हवेत आणावे. आत थांबून शुद्धीवर आणण्याचा प्रयत्न करू नये. वाचवावयास गेलेलाही तीच हवा घेत असतो. श्वास चालत नसल्यास छातीवर दाब देण्यास तत्काळ आरंभ करावा आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागवावी.

ज्वालेची परीक्षा

गॅसच्या गीझरचे निदान करण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे त्याच्या तोंडावरील लहान झरोका. दार-खिडकी उघडी ठेवून गीझर चालू करावा आणि ज्वाला पाहावी. ती निळी, स्थिर व आखूड असली पाहिजे. मधूनच एखादी नारिंगी ठिणगी चमकून जात असेल तर ती बहुधा हवेतील धूळ होय, तिची चिंता नको. परंतु ज्वालेचे शेंडे सतत पिवळे राहत असतील, ज्वाला लांबट होऊन डुलत असेल, झरोक्यावर किंवा गीझरच्या माथ्यावर काजळी धरत असेल, तर जळणे अपुरे आहे. असा गीझर त्याच क्षणी बंद करावा आणि बर्नर व वरील तांब्याच्या पत्र्यांची जाळी अधिकृत तंत्रज्ञाकडून साफ करून घेईपर्यंत वापरू नये. दोन पावसाळे बंद राहिलेल्या गीझरच्या बर्नरमध्ये कोळ्याची जाळीही आढळतात. हवेची वाट अडविण्यास तेवढेही पुरे होते.

निळी ज्वाला दिसली तरी बंद खोलीतील वापर सुरक्षित ठरत नाही, हे वरील हिशोबावरून स्पष्ट होईल. खरी दुरुस्ती जागेची आहे. गीझर न्हाणीघराबाहेर, उघड्या गॅलरीत किंवा मोकळ्या हवेच्या भिंतीवर बसवावा आणि केवळ गरम पाण्याची नळी आत घ्यावी. बाजारातील अनेक लहान गीझरांना धुराडे नसते. ते जळालेला वायू जेथे असतील तेथेच सोडतात. धुराडे असलेल्या गीझरचे तोंड मोकळ्या आकाशाकडे असावे. इमारतीच्या बंद डक्टमध्ये सोडल्यास तो वायू वरच्या मजल्यावरील घरात शिरतो. खिडकीतील पंख्यावर विसंबू नये. दार बंद असताना पंखा हवा बाहेर खेचतो तेव्हा आत येणारी हवा कधीकधी धुराड्यातूनच उलटी येते.

भाड्याच्या घरात गीझरची जागा बदलणे आपल्या हाती नसते. तेथे निदान एवढे करावे : आधी बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार-खिडकी काही मिनिटे उघडी ठेवावी, मग स्नान करावे. ही व्यवस्था तात्पुरती आहे. घरमालकाशी गीझर बाहेर हलविण्याविषयी स्पष्ट बोलावे, आणि तोवर शक्य असल्यास विजेचे साधन वापरावे.

गीझर पेटतच नसेल, तर घरच्या माणसाने पाहण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. ठिणगी पडत नसल्यास खालच्या कप्प्यातील दोन सेल बदलावेत; गीझर पेटत नसल्याच्या कित्येक तक्रारी तेथेच संपतात. ठिणगी पडते पण ज्वाला धरत नाही, अशा वेळी सिलिंडर रिकामा नाही ना ते पाहावे. पाणी बारीक येत असल्यास गीझर पेटत नाही, कारण पाण्याचा पुरेसा दाब आल्याशिवाय गॅसची वाट उघडू नये अशीच त्याची रचना असते. त्यासाठी पाण्याचा कॉक बंद करून पाणी आत येणाऱ्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून धुवावी. रबरी नळीला चिरा आहेत का ते पाहावे, आणि प्रमाणित सुरक्षा नळीही पाच वर्षांनी बदलावी. गळतीचा संशय असल्यास सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे आल्यास गळती समजावी. काडी ओढून पाहण्याचा विचारही करू नये. गॅसचा वास येत असेल तर विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या एलपीजी आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. बर्नर, जेट, गॅसची झडप व सेन्सर यांना मात्र घरच्याने हात लावू नये. गॅसचा गीझर विकत घेताना त्यावर आय.एस. १५५५८ या मानकाचे चिन्ह आहे का, ते पाहावे.

विजेचा गीझर

विजेच्या गीझरचा आजार कळण्यास घड्याळ उपयोगी पडते. २ किलोवॉटचा एलिमेंट असलेला १५ लिटरचा गीझर २० अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत सुमारे २० मिनिटांत नेतो. एरवी २० मिनिटे घेणारा गीझर अर्धा तास घेऊ लागला, तर प्रथम विजेचा दाब पाहावा. २३० व्होल्टऐवजी १९० व्होल्ट मिळत असतील तर एलिमेंटची शक्ती सुमारे दोन तृतीयांशच उरते. यंत्र निर्दोष असते. दाब ठीक असूनही पाणी कोमटच राहते आणि दिवा लवकर विझतो, असे असेल तर एलिमेंटवर व थर्मोस्टॅटच्या नळीभोवती क्षारांचा थर बसला असण्याचा संभव आहे. थर्मोस्टॅटला आपल्याभोवतीचा थरच तापलेला जाणवतो आणि तो पाणी तापण्याआधी वीज तोडतो. सोबत खळखळ वा कडकड असा आवाज येत असल्यास संशय पक्का होतो. बोअरचे कठीण पाणी असलेल्या राजस्थान, गुजरातसारख्या भागांत वर्षातून एकदा टाकी उघडून थर काढून घेणे व आतील मॅग्नेशियमची कांडी तपासणे आवश्यक ठरते. ही कांडी टाकीऐवजी स्वतः गंजून झिजते. ती संपली की टाकी गंजू लागते आणि पाण्याला तांबूस रंग येतो.

दिवा लागतो, वीज पोहोचते, पण तासाभरानेही पाणी थंडच असते, तेव्हा एलिमेंट तुटलेला असतो; तो बदलून मिळतो व खर्चही फार नसतो. बटण दाबताच एमसीबी किंवा आरसीसीबी पडत असेल, तर एक वेळ पुन्हा वर करून पाहावी. पुन्हा पडल्यास तो विषय वायरमनचा झाला. एलिमेंटचे कवच चिरून वीज पाण्यात उतरत असल्याची ती सूचना असू शकते. आरसीसीबी काढून थेट जोडणी करून देणाऱ्याचे काम तेथेच थांबवावे.

नळाला, शॉवरला वा वाहत्या पाण्याला हात लागताच झिणझिणी येत असेल, तर ती “थोडीशीच” आहे असे म्हणून सोडू नये. दोन दोष एकत्र आल्याशिवाय ती येत नाही : वीज पाण्यात किंवा टाकीच्या पत्र्यावर आली आहे, आणि तिला जमिनीत नेणारे अर्थिंग तुटले आहे किंवा नाहीच. ओल्या त्वचेतून विजेला वाट सोपी होते, आणि आज जी झिणझिणी आहे ती उद्या पायाखाली अधिक पाणी असताना हृदय थांबविण्यास पुरेशी ठरू शकते. मुख्य स्विच बंद करावा आणि अर्थिंगची मोजणी होईपर्यंत गीझर वापरू नये. घराच्या वितरणपेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घेणे हा या बाबतीतील सर्वांत मोलाचा खर्च होय. तिच्यावरील चाचणीचे बटण महिन्या-दोन महिन्यांनी दाबून ती पडते का, हे पाहावे. गीझरला १६ अँपिअरचे तीन पिनांचे सॉकेट स्वतंत्र असावे, आणि आय.एस. २०८२ हे मानक पाळणाराच गीझर घ्यावा. तथापि ही सर्व व्यवस्था असली तरी स्नानापूर्वी गीझर बंद करण्याची सवय सोडू नये.

शॉक लागून चिकटलेल्या माणसाला हात लावू नये. मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे.

टाकीखालील सुरक्षा झडपेतून पाणी तापताना थेंब पडतात, आणि पुष्कळ लोक त्यास गळती समजतात. पाणी २० वरून ६० अंशांवर गेले की सुमारे दीड टक्क्याने प्रसरण पावते. १५ लिटरमागे पेलाभर पाणी वाढते आणि ते कोठेतरी जाणे भाग असते. तोंडास लाकडी खुंटी ठोकून वा बूच लावून ते थेंब थांबविले, तर टाकीतील वाढणारा दाब बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि टाकी फुटण्याचा प्रसंग ओढवतो. पाणी तापत नसतानाही धार चालू असल्यास मात्र झडप बदलून घ्यावी. उलट, गरम नळातून वाफ येत असेल किंवा टाकीत पाणी उकळल्याचा आवाज होत असेल, तर थर्मोस्टॅट निकामी झाला आहे. वीज बंद करावी, गरम नळ उघडू नये, आणि टाकी काही तास निवू द्यावी.

रॉड आणि भाजणे

बुडवावयाच्या रॉडसाठी दुरुस्ती असे फारसे काही नाही. वायर चिरली, हँडल सैल झाले, नळीवर भेग दिसली की तो टाकून द्यावा. पाणी तापले का हे पाहण्यासाठी चालू रॉडच्या बादलीत बोट घालणे हा आपल्याकडील सर्वांत जुना आणि सर्वांत वाईट परिपाठ. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड बाहेर, आणि त्यानंतरच हात, हा क्रम घरातील मुलांसही शिकवावा. धातूची बादली वापरू नये. रॉडवर खूण केलेल्या पातळीहून पाणी कमी असू नये, आणि रॉड चालू ठेवून दुसऱ्या कामास जाऊ नये.

६० अंशांचे पाणी प्रौढाच्या त्वचेसही सुमारे ५ सेकंदांत खोलवर भाजू शकते. लहान मुलांना त्याहून कमी वेळ पुरतो. म्हणून बादलीत नेहमी थंड पाणी आधी व गरम नंतर घ्यावे, आणि मुलाला बादलीजवळ एकटे सोडू नये. भाजल्यास तो भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा, अंगावरील चिकटून न बसलेले कपडे व दागिने काढावेत, स्वच्छ कापडाने झाकून दवाखान्यात न्यावे. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप अथवा बर्फ लावू नये.

दुरुस्तीची नोंद

मेकॅनिक आल्यावर त्याने काय बदलले व का बदलले, हे विचारावे, काढलेला भाग मागून पाहावा, आणि तो जाण्यापूर्वी एक प्रश्न न विसरता करावा : “आतले एखादे सुरक्षा साधन बंद केले किंवा वगळले आहे का?” गीझरशेजारी, पाणी उडणार नाही अशा ठिकाणी, एक लहान कार्ड लावावे. त्यावर गीझर बसविल्याचे वर्ष, रबरी नळी बदलल्याची तारीख, शेवटच्या साफसफाईची व अर्थिंगच्या मोजणीची तारीख लिहावी. खाली १९०६, १०८ व ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत असावेत. घरात पाहुणे आले, तर स्नानास जाण्यापूर्वी गीझर कोठून बंद होतो आणि दाराची कडी का लावावयाची नाही, हे त्यांना सांगावे.